गंजून बसलेला सस्पेन्शनचा बोल्ट कसा सोडवायचा? (आणि मी पहिला कसा तोडला)

एरवी आपण इथे ॲप, प्रोसेसर, बॅटरी असल्या गोष्टींबद्दल बोलतो. आज थोडा वेगळा विषय आहे, हात काळे करणारा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डिग्री इंजिनिअरिंगची असली तरी गेल्या पाच-सहा वर्षांत कीबोर्डपेक्षा जड काही उचललेलं नाही. तरी मे महिन्यात गावी गेलो तेव्हा ठरवलं की बाबांच्या गाडीचे पुढचे लोअर आर्मचे बुश आपणच बदलायचे. व्हिडिओत ते चाळीस मिनिटांचं काम दिसत होतं. मला शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार रात्रीपर्यंत लागले.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्धा किलोमीटरवर. गाडी छोटी, जुनी हॅचबॅक, अकरा पावसाळे आणि अकरा वर्षं खारा वारा खाल्लेली. ब्रेक मारला की पुढून 'धडक' असा आवाज यायचा आणि टायर आतल्या बाजूने झिजत होते. बुश गेले होते. आणि सोमवारी सकाळी याच गाडीतून आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चिपळूणला न्यायचं होतं. म्हणून घाई.

आधी हे बुश प्रकरण काय ते दोन ओळींत सांगतो. चाक ज्या लोखंडी हाताला धरून असतं तो लोअर आर्म. तो गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे एक रबराचा गोल तुकडा असतो, तो बुश. रबराच्या मधोमध एक पोलादी नळी असते आणि त्या नळीतून एक आडवा बोल्ट आरपार जातो. बोल्ट काढला की आर्म सुटतो. बोल्ट नाही निघाला तर पुढचं काहीच होत नाही.

बोल्ट जाम का होतो?

आपल्याला वाटतं गंज म्हणजे लोखंड 'खाल्लं जाणं', म्हणजे कमी होणं. बोल्टच्या बाबतीत त्रास उलटा आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. उघड्या पत्र्यावर तो फुगून पापुद्रे धरतो आणि गळून पडतो. पण नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फुगायला जागा कुठे आहे? तिथे तो स्वतःलाच दाबत बसतो. पाचर ठोकावी तसा. आट्यांच्या सगळ्या फटी भरल्या की नट आणि बोल्ट जवळपास एकच तुकडा होतात.

समुद्राकाठी हे लवकर होतं, कारण मीठ. गंज लागणं ही विजेच्या सूक्ष्म प्रवाहाची प्रक्रिया आहे आणि मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा वीज फार चांगली वाहून नेतं. शिवाय मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसला तरी बोल्ट ओलाच राहतो. तुम्ही यूट्यूबवर अमेरिकेतल्या गंजलेल्या गाड्या बघितल्या असतील. तिकडे थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे ते काम वारा फुकटात करतो.

यात अजून एक भर असते. बोल्ट घट्ट करताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण नव्वद टक्के घर्षणातच जातो. जवळपास अर्धा बोल्टच्या डोक्याखाली आणि चाळीसेक टक्के आट्यांमध्ये. उरलेल्या दहा टक्क्यांनी बोल्ट किंचित ताणला जातो, आणि तो ताणच दोन भागांना आवळून धरतो. म्हणजे बोल्ट ही एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. नवा बोल्टसुद्धा घर्षणावरच टिकून असतो. त्यात गंज मिसळला की काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा.

शुक्रवारी रात्री काय चुकलं

मला हे सगळं माहीत होतं का? पुस्तकात वाचलेलं होतं. पण जॅक लावून गाडी उचलली, स्टँडवर ठेवली आणि उजव्या बाजूचा बोल्ट दिसल्यावर डोक्यात एकच गोष्ट होती. लांब पाइप.

(स्टँडचं आत्ताच सांगून टाकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, पाच सेकंदांसाठीसुद्धा नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. आणि जाम बोल्टवर जोर लावताना अख्खी गाडी हलते.)

पाइपचं गणित सोपं आहे. जोर गुणिले अंतर म्हणजे टॉर्क. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर मी ३० किलोचा जोर लावला तर साधारण ८८ न्यूटन-मीटर होतात. पान्यात पाइप घालून दांडा ९० सेंटिमीटर केला की तेवढ्याच जोराला २६५. मस्त ना? नाही. कारण एम-१२ मापाचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट जर आट्यांत पूर्ण जाम असेल, तर तो शंभर-दीडशे न्यूटन-मीटरच्या आसपास पिळून तुटतो. पाइप लावल्यावर माझ्याकडे बोल्ट सोडवायला लागतो त्यापेक्षा, आणि बोल्ट तोडायला लागतो त्यापेक्षाही जास्त जोर होता. फक्त कुठे थांबायचं ते कळत नव्हतं.

मागचा नट एका पान्याने अडवला आणि बोल्टच्या डोक्यावर जोर लावला. बोल्ट फिरायला लागला. मी खूश. बाबांना हाकही मारली, 'सुटला!' पाव फेरा झाला. आवाज काहीच नाही, हाताला चिकट-मऊ लागत होतं, चिक्कीचा पाक ओढावा तसं. आणि मग 'टण्' करून बोल्ट नटाजवळ तुटला, माझी बोटं मडगार्डच्या कडेवर आपटली.

तो 'मऊपणा' लक्षात ठेवा. मला कोणी आधी सांगितलं असतं तर बोल्ट वाचला असता. खरोखर सुटणारा बोल्ट 'टक्' किंवा 'कर्र' असा आवाज करतो आणि लगेच जोर कमी लागतो. आवाज न करता, सारखाच जोर खात, रबरासारखा फिरणारा बोल्ट सुटत नसतो. तो पिळला जात असतो. तिथेच थांबायचं आणि उलट दिशेने हलकेच परत यायचं.

नशिबाने नट सुटा होता, सांगाड्याला वेल्ड केलेला नव्हता, त्यामुळे तुटका तुकडा नटासकट खाली पडला. काही गाड्यांत तो नट आत वेल्ड असतो. तिथे बोल्ट तुटला की ड्रिल करा, नवे आटे पाडा, अशी वेगळीच कथा सुरू होते.

डाव्या बाजूला शहाणपण

रात्री डाव्या बोल्टला हातच लावला नाही. म्हणजे लावला, पण पाना नाही. तारेच्या ब्रशने नटाच्या बाहेर आलेले आटे घासून साफ केले. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात. पण नट ज्या आट्यांवरून बाहेर येणार, ते मातीने आणि गंजाने भरलेले असतील तर सुटलेला नटही अर्ध्या वाटेत परत अडकतो.

मग तेल. इथे एक गैरसमज आहे. डब्ल्यूडी-४० हे नाव आपल्याकडे गंज काढायच्या स्प्रेचं टोपणनावच झालंय. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं आणि नावाचा अर्थच 'पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयत्न' असा आहे. मूळ काम पाणी दूर ठेवून गंज लागू न देणं. जाम बोल्टवरही त्याचा उपयोग होतो, पण त्यासाठी खास 'पेनिट्रेटिंग ऑइल' वेगळं मिळतं, ते जास्त पातळ आणि जास्त आत शिरणारं असतं. समईच्या वातीतून तेल आपोआप वर चढतं ना, त्याच तत्त्वाने हे तेल गंजाच्या बारीक फटींत शिरतं. फक्त वातीला घाई चालत नाही. रात्री नऊला, अकराला आणि पहाटे उठलो तेव्हा, असं तीनदा मारलं. प्रत्येक वेळी नटाच्या प्रत्येक बाजूवर हातोडीने आठ-दहा हलके ठोके दिले. ठोक्यांनी गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. गावाकडचे मेकॅनिक डिझेल किंवा ब्रेक ऑइल वापरतात. काहीच नसण्यापेक्षा बरं.

सकाळी सहाकोनी गोटी लावली. माझा रिंग पाना बारा कोनांचा होता, तो नटाच्या फक्त टोकांना पकडतो आणि गंजलेल्या नटाची टोकं आधीच झिजलेली असतात. सहाकोनी गोटी सपाट बाजूंवर जोर देते. शंभर-दोनशे रुपयांत एक गोटी येते, आणि गोल झालेला नट किती रुपयांना पडतो ते विचारू नका.

आता पहिला जोर कुठल्या दिशेला? घट्ट करायच्या. हो, उलट वाटतं. पण उद्देश फिरवणं नसून गंजाची पकड मोडणं हा आहे, आणि ती कुठल्याही दिशेने मोडली तरी चालते. जेमतेम हलला, केसभर, की थांबायचं. मग सोडायच्या दिशेने. मग परत. लॉक उघडायला चावी हलवत राहावी तसं.

माझा तसाही हलला नाही. इथे मला परत पाइप आठवला. बाबा पायरीवर बसून चहा पीत बघत होते. म्हणाले, "काल तोडलास ना एक? आता दुसरा ठेव माझ्यासाठी." मी पाइप कुंपणापलीकडे टाकला.

उष्णता

शेजारच्या वाडीतले गॅरेजवाले दादा त्यांचा ब्लो टॉर्च घेऊन आले. त्यांनी पहिलं काय केलं तर पाना न घेता वास घेतला. पेट्रोल, तेल, काही गळतंय का ते. मग ब्रेकचा रबरी पाइप बाजूला बांधून त्यावर ओलं फडकं गुंडाळलं आणि मला बादलीभर वाळू आणायला पाठवलं. रात्रभर मारलेलं तेलही पुसून काढायला लावलं, कारण ते पेटतं.

उष्णतेचं विज्ञान असं. पोलाद दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या साधारण १२ दशलक्षांश भागाने वाढतं. १२ मिलिमीटरच्या भोकाचा नट २०० अंशांनी तापवला तर भोक जेमतेम ०.०३ मिलिमीटरने मोठं होतं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी! म्हणजे 'नट तापून ढिला होतो' हे खरं, पण अर्धंच. जास्त काम होतं ते नट आणि बोल्ट वेगवेगळ्या वेगाने तापण्या-थंड होण्याने. त्यात मधला गंज चुरडला जातो. म्हणून नट तापवायचा, बोल्ट नाही. दोन्ही सारखेच तापवले तर दोन्ही सारखेच फुगतील आणि परिस्थिती होती तीच.

तीन-चार मिनिटं नटाला ज्योत दिली, मग दादांनी खिशातून देवघरातली असावी अशी मेणबत्ती काढून गरम आट्यांना टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं. पूर्ण थंड होऊ दिलं, परत तेल. आणि मग गोटी लावून साध्या दांड्याने, पाइप न लावता, घट्ट करायच्या दिशेला हलका झटका. टक्! मित्रांनो, प्रोडक्शनमधला बग तीन दिवसांनी सापडल्यावर जो आनंद होतो, तो याच्यापुढे काहीच नाही.

शहरातल्या काही गॅरेजमध्ये ज्योतीऐवजी इंडक्शन हीटर असतो. तुमच्या घरच्या इंडक्शन शेगडीचंच तत्त्व. तारेच्या वेटोळ्यात नट ठेवायचा, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे नटातच प्रवाह फिरतात आणि तो आतून तापतो. ज्योत नाही, त्यामुळे आजूबाजूचं रबर बरंचसं वाचतं. महाग आहे, पण रोज हेच काम करणाऱ्याला परवडतो. आणि इम्पॅक्ट गन? तिच्या आत एक छोटा हातोडा फिरून-फिरून दणके देतो. एकदम लावलेल्या मोठ्या जोराऐवजी सेकंदाला अनेक छोटे धक्के, म्हणून गंजाला तडे जातात. पण तीही बोल्ट तोडू शकते, विशेषतः पहिल्याच सेकंदाला फुल ट्रिगर दाबणाऱ्याच्या हातात.

काय तापवायचं नाही हेही ऐका. शॉकअब्सॉर्बर कधीच नाही, त्यात तेल आणि दाबाखालचा गॅस असतो, फुटू शकतो. ब्रेक क्लीनरने साफ केलेला भाग लगेच तापवू नका. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रव असतं, ते तापलं की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. चकचकीत जस्ताचा मुलामा असलेल्या बोल्टचा धूरही घेऊ नका, ताप भरतो.

नट निघाला, बोल्ट निघेना

ही पायरी बहुतेक व्हिडिओंत नसते. नट निघाला तरी बोल्ट बुशच्या पोलादी नळीत गंजून बसलेला असतो. डोकं फिरवलं की फिरतं, सोडलं की परत जागेवर येतं. कारण नळी बोल्टला चिकटून त्याच्यासोबत फिरतेय आणि रबर पिळलं जातंय.

इथे फोन कामाला आला. बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर व्हाइटनरने एक सरळ रेघ ओढली, दुसऱ्या टोकालाही बोल्टवर आणि नळीच्या कडेवर एक रेघ, आणि फोन खाली ठेवून स्लो मोशनमध्ये शूट केलं. नळीवरची रेघ बोल्टसोबत फिरत असेल तर नळी चिकटलेली आहे. डावीकडे पहिल्यांदा ती थोडी फिरली, मग तेल आणि पंधरा मिनिटं मागे-पुढे केल्यावर जागेवर थांबली आणि एकटा बोल्ट फिरू लागला. मग नट परत दोन-तीन आट्यांवर, बोल्टच्या टोकाबरोबर सपाट येईल असा चढवला आणि त्यावर लाकूड ठेवून हातोडा मारला. नुसत्या बोल्टवर मारलात तर टोक छत्रीसारखं पसरतं आणि मग तो नळीतून बाहेरच येत नाही.

उजवीकडचा तुटका बोल्ट यातल्या कशालाच बधला नाही. ज्योत, तेल, हातोडा, दादांच्या निवडक शिव्या. शेवटी कापला. बुश तर फेकायचेच होते, म्हणून बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत हॅक्सॉचं नुसतं पान घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापून काढला. दोन कापांना मिळून तासभर, तीन पानं. ग्राइंडरने पाच मिनिटांत झालं असतं, पण तिथे ब्रॅकेट खरवडलं जायची भीती होती आणि ठिणग्याही नको होत्या.

रविवार

आर्म निघाले, नवे बुश प्रेसवर बसवून आणले. आता बोल्ट. रविवारी तालुक्यात उघडं असलेलं एकच हार्डवेअरचं दुकान. माप तंतोतंत मिळालं, पण बोल्टच्या डोक्यावर आकडा नव्हता.

तो आकडा महत्त्वाचा आहे. ८.८ मधला पहिला ८ सांगतो की बोल्ट ८०० मेगापास्कल ताणापर्यंत तुटत नाही, आणि .८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर तो कायमचा ताणला जायला लागतो. १०.९ असेल तर १००० आणि ९००. आकडाच नाही म्हणजे तो फाटकाच्या बिजागरीसाठीचा असू शकतो. माझ्या जुन्या बोल्टवर ८.८ होतं.

बाबा म्हणाले, "माप बसतंय ना? लाव. सोमवारी जाऊन येऊ, मग बदल. नाहीतर डावीकडचा जुनाच घाल." डावीकडच्या जुन्याची दांडी गंजाने खड्डे पडलेली होती आणि आट्यांनी ज्योतीची आच खाल्ली होती. कडक केलेला बोल्ट जास्त तापला की त्याची ताकद उतरते, आणि बाहेरून बघून किती उतरली ते कळत नाही. मी नाही म्हणालो. बाबा चिडले. "तीन दिवस गाडी उघडी टाकलीस, आता आजीला न्यायचं कसं?" त्यांचं चुकत नव्हतं. पण उतारावर ब्रेक मारल्यावर चाकाला जागेवर धरणारा बोल्ट तो. वाद तासभर चालला. शेवटी आजीनेच निकाल दिला, "मला रिक्षा सांग. वारा तरी लागेल."

सोमवारी आम्ही रिक्षाने आणि मग एसटीने चिपळूणला गेलो. ऑपरेशन नीट झालं. आजी आत असताना मी स्पेअर पार्टच्या दुकानातून दोन्ही बाजूंचे ग्रेडवाले बोल्ट आणि नवे नट आणले. आत नायलॉनची कडी असलेले नट एकदाच वापरायचे असतात, म्हणून तेही नवे.

परत बसवताना

बोल्टच्या बिनआट्यांच्या दांडीवर, जी नळीत बसते तिथे, अँटी-सीझ पेस्ट लावली. आट्यांवर नाही. कंपनीने दिलेला टॉर्कचा आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. वंगण लावलं की घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. वर वाचलेले ते नव्वद टक्के आठवा.

आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. बोल्ट शेवटचा घट्ट करायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. चाकं हवेत लटकत असताना घट्ट केलात तर बुशचं रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं. नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता. मी पुढची चाकं लाकडाच्या जाड फळ्यांवर चढवली, म्हणजे वजन चाकांवर आणि पाना फिरवायला खाली जागा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. ते केल्याशिवाय टायर परत तसेच झिजतात.

साधारण शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पाना लावून परत बघायचं असतं. ते बाबांवर सोडलं होतं. गणपतीत गेलो तेव्हा विचारलं, तर म्हणाले बघितलं, हलला नाही. मग मला गाडीपाशी नेऊन डाव्या बोल्टवर व्हाइटनरची रेघ दाखवली. त्यांनी स्वतः ओढलेली.